परब मास्तर आणि पापणीचा खिसा

परब मास्तर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी खालच्या पापणीकडे. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "बाय, तुझो खिसो मोठो आसा. भिया नको."

ही भेट परळच्या एका इस्पितळात, काचबिंदूच्या ओपीडीत झाली. रोज थेंब घालायला मी विसरायचे, म्हणून डॉक्टरांनी चकती दिली. तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. खालच्या पापणीच्या आत ठेवली की आठवडाभर औषध झिरपत राहतं. ती बसवायला शिकवण्याचं काम सिस्टरचं. पण सिस्टरनी तोंड उघडलं की रांगेतून मास्तर उठलेच! तेही पेशंटच. चाळीस वर्षं लालबागला शर्ट-पँट शिवलेले.

"डोळ्याक खिसो असता," असं म्हणून ते स्वतःच्या शर्टाच्या खिशात बटण सरकवून दाखवतात. "वर बघ. पापणी खाली ओढ. सोड आत. झाला!"

एका आजोबांना त्यांनी "तुमचो चोरखिसो," असं सांगितलं. आजोबा इतके हसले की चकती गालावर आली. सिस्टर भडकल्या. मास्तर शांतपणे म्हणाले, "पयल्या ट्रायलला कपडो तरी खंय बसता?"

एका रविवारी घरी माझी चकती काही केल्या बसेना. चारदा धुतली, चारदा निसटली. एका डोळ्याची नजर आधीच निम्मी गेलेली. घाबरून चकती डबीत घातली आणि काळाचौकीला मास्तरांचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. मास्तर खुर्चीत मान वर करून बसले होते आणि त्यांच्या पत्नी, काकी, त्यांची हनुवटी धरून चकती बसवत होत्या.

"हालू नकात म्हटलंय ना!"

"हात थरथरतत गो माझे, नायतर मीच..." मास्तर केविलवाणे म्हणाले.

मला बघून ओशाळले. चकती बसवून काकी चहा टाकायला आत गेल्या, तसे ते उठले, हात धुतले आणि माझी चकती एका झटक्यात बसवली. बोट तसूभरही हललं नाही.

मी त्यांच्या हातांकडे बघतच राहिले. ते हळूच म्हणाले, "पोरीचा लगीन झाला, तेवापासून ही दिसभर टीव्हीकडे बघता. आयतवारी तेवढी माझ्याकडे बघता. ओपीडीत सांगू नको हां."

आतून काकी ओरडल्या, "डोळे मिटान रवा, पाच मिनटां!"

मास्तरांनी लगेच दोन्ही डोळे मिटले.