आणि हे गेलं तर?

हेमंत चिटणीस कुणाच्याही घरी गेला की आधी माणसांकडे बघत नाही, छताकडे बघतो. मग भिंतींकडे, मग टीव्हीच्या मागे. आपण "ये, बस, चहा टाकू का?" म्हणत असतो आणि हा मान वाकडी करून घरातलं वायफायचं खोकं शोधत असतो. ते सापडलं की याचा चेहरा असा पडतो, जसा एखादा सख्खा नातेवाईक इस्पितळाच्या व्हरांड्यात सतरंजीवर दिसावा.

"नंदू, मायक्रोवेव्हच्या शेजारी? अरे, काय गुन्हा केलाय याने?"

इथे परदेशात, आमच्या कॅसल हिलच्या घरात पहिल्याच भेटीत त्याने ते खोकं स्वयंपाकघरातून जिन्यात नेलं आणि जिन्यातून पुस्तकांच्या कपाटावर. मांजरी पिल्लं हलवते तसं, अगदी जपून. चहा तोवर गार झाला. तो गेल्यावर माझी बायको मेधा म्हणाली, "हा भेटायला आला होता तो आपल्याला नक्कीच नाही."

त्याचा ठरलेला प्रश्न एकच. "आणि हे गेलं तर?" कुठलीही वस्तू दाखवा, हेमंत तिच्याकडे ती गेल्यासारखाच बघतो. त्यामुळे त्याच्याकडे सगळं दोन. दोन चष्मे, दोन थर्मास, गाडीत दोन स्टेपन्या. फोनही दोन. त्यातला एक जुना, काच तडकलेला, कधी कुणी वाजताना ऐकलेला नाही, पण चार्ज कायम पूर्ण. स्कोफिल्ड्स या उपनगरात त्याने घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला गुरुजींनी काडेपेटी मागितली. याने दोन दिल्या. गुरुजी म्हणाले, "एक पुरे." हा म्हणाला, "आणि ही गेली तर?" त्या घरात फ्रिजही दोन आहेत. राहणारा माणूस मात्र एक. लग्न राहून गेलं, असं तो सांगतो. छत्री ट्रेनमध्ये राहून गेल्यासारखं.

असा माणूस आमच्या मंडळाच्या खो-खो स्पर्धेला लाभला. दरवर्षी स्कोफिल्ड्सच्या एका ओव्हलवर आम्ही ही स्पर्धा भरवतो. मुलं खेळतात, आईबाप ओरडतात, आणि तिकडे पुण्यात, नाशकात, साताऱ्यात आजी-आजोबा फोनवर थेट प्रक्षेपण बघतात. मैदान कौन्सिलचं. तिथे गवत आहे, नळ आहे, इंटरनेट नाही. मोबाइल आहे म्हणावं तर शंभर कुटुंबं एकदम नातवंडांचे व्हिडिओ पाठवू लागली की तो टॉवर गुदमरतो.

म्हणून हेमंत सकाळी सहाला येऊन मैदानाच्या कडेला उंच काठी उभी करतो, तिला चार दोऱ्या ताणतो, वर अँटेना बांधतो. दोन कंपन्यांची दोन सिमं, दोन बॅटऱ्या. आणि सगळ्याचा जीव, म्हणजे राउटर, एका निळ्या एस्कीत. लोक पिकनिकला जिच्यात बिअर गार ठेवतात तीच एस्की. उन्हात राउटर तापून बंद पडतो, म्हणून हा त्याला बर्फाच्या विटांशेजारी निजवतो. दर तासाला कुणीतरी कोल्ड ड्रिंक शोधत झाकण उघडतं आणि हेमंत लांबूनच किंचाळतो, "मेट! बंद कर! त्याला ऊन लागतंय!"

आता माझी कबुली. गेल्या वर्षी मुलींच्या फायनलची शेवटची दोन मिनिटं राहिली असताना प्रक्षेपण बंद पडलं. बॅटऱ्या चार्ज होत होत्या ती एक्स्टेन्शन मी उपसली होती, चहाचं पाणी उकळायच्या अर्नसाठी. बॅटऱ्या तासभर आधीच मान टाकू लागल्या होत्या. त्यांनी तिथेच प्राण सोडला. भारतातून फोनवर फोन. मंडळाची अध्यक्ष वर्षा लालबुंद. हेमंतने एकदा माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या चहाकडे बघितलं, आणि म्हणाला, "माझी चूक. तिसरी बॅटरी हवी होती."

यंदाच्या मीटिंगमध्ये वर्षाने सांगून टाकलं. "हेमंत, तुझ्या मेहनतीबद्दल प्रश्नच नाही. पण यंदा एकदा जरी तुटलं, तर पुढच्या वर्षीपासून बाहेरची माणसं बोलवू. आणि ते फ्रेममधून फिरणं बंद कर."

हेही खरं होतं. दर पंधरा मिनिटांनी हा कॅमेऱ्यासमोरून जायचा. डोक्यावर वाकडी टोपी, हातात वायरचं एक टोक. मध्येच थांबायचा, लेन्सकडे बघायचा, पुढे जायचा. आजी-आजोबांच्या तक्रारी यायच्या, की तो टोपीवाला कोण मधे मधे येतो?

"केबल बघावी लागते," हेमंत पुटपुटला. मग त्याने जे म्हटलं त्याने मी चपापलो. "वर्षा, हे मला करू दे. प्लीज." इतकी वर्षं ओळखतो त्याला, 'प्लीज' मी पहिल्यांदा ऐकलं.

मला यंदा चॅटवर बसवलं होतं. लोक प्रक्षेपणाखाली जे लिहितात ते वाचायचं, कुणी वेडंवाकडं लिहिलं तर काढायचं. माझी मुलगी सई फायनलला खेळणार होती. ती जाताना म्हणाली, "बाबा, जस्ट सिट. डोन्ट टच एनीथिंग." चॅटला वायर नसते, एवढ्याच गुणावर ते काम माझ्याकडे आलं होतं.

चॅटवर सकाळपासून सगळं गोड चाललं होतं. 'शाब्बास माझ्या वाघा', फुलं, नमस्कार. फक्त एक इसम कडू होता. नाव लावलं होतं 'शिट्टी'. तो लिहायचा: 'पंच झोपले आहेत काय.' 'बसलेला मुलगा खो मिळण्याआधी उठतो. फाउल.' 'डावीकडचा खांब तिरका.' हेमंत टोपी घालून कॅमेऱ्यासमोरून गेला की हमखास: 'टोपी वाकडी.' दोन बोटांनी टाइप करणारा कुणीतरी रिटायर्ड मास्तर असणार, असं मी ताडलं.

हेमंत फेरी मारून आला की विचारायचा, "चॅटवर काय?" मी म्हणायचो, "सगळे खूश. ती शिट्टी सोडून."

"काय म्हणतेय शिट्टी?"

"खांब तिरका म्हणे."

हा खरंच जाऊन खांब सरळ करून यायचा. मला वाटलं, गिऱ्हाइकाचं समाधान करतोय.

तीन वाजता मुलींची फायनल सुरू झाली. ऊन मी म्हणत होतं. एस्कीतला बर्फ दोनदा बदलून झाला होता. वर्षा काठीखाली हाताची घडी घालून उभी, हेमंत तिच्या शेजारी, दोघांची नजर एस्कीच्या झाकणावर. सई धावत होती. म्हणजे धावायला हवी होती. ती खांबाच्या आडोशाला जरा जास्तच रेंगाळत होती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि चॅटवर उमटलं:

'सहा नंबरची मुलगी भित्री आहे. लपते.'

सहा नंबर म्हणजे माझी सई. आठवड्याला तीन दिवस प्रॅक्टिसला तिला मीच सोडलंय. माझं डोकं सटकलं. त्या नावावर बोट ठेवलं, 'ब्लॉक' दिसलं, दाबलं. शिट्टी गायब. फार बरं वाटलं.

पाच मिनिटांनी हेमंत आला. "चॅटवर काय?"

"मस्त. फुलंच फुलं."

"शिट्टी?"

"गप्प आहे."

तो थांबला. "कधीपासून?"

"असेल चार-पाच मिनिटं. बरं झालं ना?"

हेमंतने घड्याळ बघितलं. माझ्या फोनवर वाकून चॅट वर सरकवलं, खाली सरकवलं. मग एस्कीकडे पळाला. झाकण उघडलं. सगळे दिवे हिरवे. बॅटऱ्या भरलेल्या. त्याने दोऱ्या चाचपल्या, अँटेना बघितली, परत एस्कीशी गुडघ्यावर बसला. घाम कोपरावरून टपकत होता.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?" वर्षा.

"लाइन. तिकडे पोचत नाहीये. मी दुसऱ्या सिमवर टाकतो."

"अरे, म्हणजे मधे तुटेल!"

"अर्धा मिनिट."

"हेमंत, फायनल चालू आहे! हात लावू नकोस! दोनशे बारा जण बघतायत, आकडा दिसतोय समोर!"

"एक कमी आहे," हेमंत म्हणाला.

त्याचं बोट बटणावर होतं. वर्षाने त्याचं मनगट धरलं. "हे बघ, दाबलंस तर मी बोलल्याप्रमाणे करीन. पुढच्या वर्षी दुसरी माणसं. एका माणसासाठी हे सगळं घालवणार आहेस?"

"हो," तो म्हणाला. विचारही केला नाही.

गेल्या वर्षीचा प्लग आठवला. त्याने माझ्या हातातल्या कपाकडे बघून न उच्चारलेलं वाक्य आठवलं.

"थांब!" मी ओरडलो. "लाइन ठीक आहे. मी... मी त्याला ब्लॉक केलं."

"कुणाला?"

"शिट्टीला. सईला भित्री म्हणाला तो."

हेमंतने बटणावरचं बोट काढलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो एस्कीला टेकून गवतावर बसला आणि हळू म्हणाला, "ब्लॉक केलं की त्यांना दिसतही नाही रे. काळं होतं सगळं."

"कुणाला त्यांना?"

"बाबांना."

वर्षाने त्याचं मनगट सोडलं. हेमंत गवताकडे बघून सांगू लागला, जमेल तसं, तुटक. वडील मिरजेच्या शाळेत पीटीचे सर. खो-खोचे पंच. याला सातव्या वर्षापासून मैदानावर घडवलेला. राज्याच्या संघाची निवड होती त्याच दिवशी याची व्हिसाची मुलाखत. हा मुलाखतीला गेला. तेव्हापासून सर याच्याशी बोलत नाहीत. अकरा वर्षं. फोन ताई उचलते. "बाबा अंघोळीला गेलेत," म्हणते. ताईनेच एकदा त्यांना हे प्रक्षेपण लावून दिलं. मुलांचा खेळ आहे, बघा म्हणाली.

"तर त्यांनी लिहिलं, खांब तिरका," हेमंत म्हणाला. "अकरा वर्षांत मला सांगितलेली पहिली गोष्ट."

मी ब्लॉक काढायला लागलो. सापडेना. सेटिंग्जमध्ये गेलो, भलतीच भाषा झाली, परत आलो. शेवटी वर्षाने फोन हिसकावला आणि दोन टिचक्यांत ब्लॉक काढला. आम्ही तिघं चॅटकडे बघत बसलो. मैदानावर आरडाओरडा चालला होता. फुलं येत होती. 'गणपती बाप्पा मोरया' आलं. शिट्टी नाही.

"उठून गेले असतील," हेमंत म्हणाला. "मिरजेत साडेनऊ झालेत. भाजी आणायला जातात."

मग वर्षाने अध्यक्षपदाला न शोभणारी गोष्ट केली. हेमंतची टोपी गवतावर पडली होती, ती उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली, वाकडी, आणि म्हणाली, "जा. फ्रेममध्ये जा."

हेमंत गेला आणि भर फायनलमध्ये कॅमेऱ्याच्या पुढ्यात उभा राहिला. हातात वायरसुद्धा नव्हती. चॅट पेटलं. 'बाजूला व्हा.' 'अंकल, मूव्ह!' 'कोण आहे हा माणूस?' मी एकही ओळ काढली नाही. वर्षा ओठ चावत होती. मी सेकंद मोजत होतो. पन्नास, एक्कावन्न.

मग उमटलं.

'चित्र गेले होते. हे गेले तर दुसरी काही व्यवस्था ठेवली आहे की नाही.'

मी ते मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचताच कळलं, की हा प्रश्न हेमंतचा नाही. तो त्याला मिरजेहून मिळालाय.

हेमंत धावत आला. माझा फोन हातात घेतला. चॅटवर त्याने कधीच काही लिहिलं नव्हतं. अंगठा शर्टाला पुसला. काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. अखेर पाठवलं ते एवढंच:

'आहे, बाबा. दोन आहेत.'

शेवटची शिट्टी झाली. सईचा संघ जिंकला, असं मला नंतर सांगण्यात आलं. ती घामाघूम धावत आली. "बाबा! डिड यू सी मी?" मी म्हणालो, "पाहिलं ना!" आणि त्याच क्षणी चॅटवर ओळ आली: 'सहा नंबर शेवटी बरी धावली.' मी ती तिला दाखवली. तिने विचारलं, "हू इज शिट्टी?" मी म्हणालो, "मोठे पंच आहेत." हेमंतच्या ओळीला मात्र त्यांनी उत्तर काही दिलं नव्हतं.

संध्याकाळी दोऱ्या सोडताना मी हेमंतला काठी धरायला मदत केली. त्याच्या परवानगीने. एस्की रिकामी करताना तळाशी, बर्फाच्या विटांपासून लांब, फडक्यात गुंडाळलेला तो तडकलेला फोन निघाला.

"हा कशाला रे आणतोस इथे?"

"इथे आलो तेव्हाचा नंबर आहे," हेमंत म्हणाला. "बाबांच्या डायरीत तोच लिहिलेला आहे."

त्या दिवशी तो वाजला नाही. पण हेमंतने तो एस्कीत परत ठेवला नाही. फडकं काढलं, काच शर्टाला पुसली आणि वरच्या खिशात ठेवला. मग घरी जाईपर्यंत दर थोड्या वेळाने खिशावर हात ठेवून बघत होता.