धुकेवीरची आठ पानं

"तेजू, आलं! सरांनी लिहिलंय आपल्यावर!"

रविवारी सकाळी विहंगने साप्ताहिक उघडलं आणि तो खुर्चीतून उठलाच. तेजश्री कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या लहानशा फ्लॅटमध्ये वर्षभर दुसरा विषयच नव्हता. नवरा-बायकोने मिळून 'धुकेवीर' नावाचं कॉमिक काढलं होतं. इगतपुरीच्या स्टेशनावर काम करणारा एक साधा माणूस, आणि त्याने हाक मारली की घाटातलं धुकं धावून येतं. गोष्ट तेजश्रीची, चित्रं विहंगची. तीनशे प्रती छापून आल्या, त्यातल्या दीडशे एका प्रदर्शनात हातोहात गेल्या. आता खालच्या मजल्यावरच्या वेणीमाधव सरांनी त्यावर परीक्षण लिहिलं होतं. सर मराठीचे निवृत्त शिक्षक. ते कुणाचं कौतुक सहसा करत नसत, त्यामुळे त्यांनी केलं तर लोक कात्रण जपून ठेवत.

"वाच ना," तेजश्री म्हणाली.

विहंगने घसा साफ केला. "'यातली चित्रं पाहून डोळे निवतात. धरणावर उतरणारं धुकं तर बोटांना ओलं लागेल असं वाटतं.'" तो थांबला. मग तेच वाक्य त्याने पुन्हा वाचलं, जरा सावकाश.

"पुढे?"

"पुढे आहे थोडं. विशेष नाही."

तेजश्रीने कणकेच्या हाताने अंक ओढून घेतला. "'मात्र कथा विलक्षण घाईत उरकली आहे. एका पानावर नायक निवांत चहा पितो आहे. पान उलटावं, तर तो मोडक्या हाताने धरणाच्या भिंतीला लोंबकळतो आहे आणि खलनायक त्याला दादा म्हणतो आहे. हे सगळं कधी घडलं? लेखिकेला बहुधा गाडी गाठायची होती.'"

तिने अंक टेबलावर आपटला.

"घाई?" तेजश्री म्हणाली. "त्या दोघांची मैत्री कशी होते ते आठ पानं लिहिलंय मी! सरांनी वाचलेलंच नाही!"

इथे विहंगने गप्प बसायला हवं होतं. पण डोळे निववण्याचं काम आपण केलंय, हे त्याच्या डोक्यात अजून घुमत होतं.

"सर न वाचता लिहीत नाहीत गं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "वाचलं असेल त्यांनी. लक्षात राहिलं नसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे... चित्र कसं, डोळ्यांत राहतं."

 तेजश्रीने हात धुतले, चपला घातल्या आणि ती तडक जिना उतरली. विहंग मागोमाग धावला, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात तिची घालून.

सर व्हरांड्यात बसले होते. आरोप ऐकून ते ताठ झाले. "तेजश्री, मी तीनदा वाचलंय तुझं पुस्तक. तीनही वेळा तो माणूस चहा पितो आणि लोंबकळतो."

"मग मधलं कुठे गेलं, सर?"

"तेच तर मी विचारलंय!"

सरांनी आतून प्रत आणली. तेजश्रीने भराभर पानं उलटली. आठव्या पानावर चहा. त्याच्यापुढे पान सतरा. तिने पुन्हा मागे जाऊन पाहिलं. आठ, सतरा.

"सर, मधली पानंच नाहीत यात! आकडे नाही का बघितले?"

"मी मराठी शिकवायचो, गणित नाही," सर म्हणाले. पण त्यांचा आवाज खाली आला होता.

एखादी प्रत खराब निघाली असेल, म्हणून दोघं वर धावली. खाटेखालचे गठ्ठे सोडले. दीडशेच्या दीडशे प्रतींत धुकेवीर चहा संपवून थेट धरणावर पोहोचला होता. छापून आल्यावर दोघांनी पुस्तक नीट वाचलंच नव्हतं. विहंगने धरणाचं पान उघडून पाहिलं होतं आणि तेजश्रीने स्वतःचं नाव असलेलं.

"आणि प्रदर्शनातल्या त्या दीडशे लोकांनी?" तेजश्री जमिनीवर बसली. "एकानेही विचारलं नाही? उलट एक नंबर, एक नंबर म्हणत होते!"

 विहंगने बाइंडिंग करणाऱ्या फकिराभाऊंना फोन लावला.

"तुमची पानं? हायेत ना," फकिराभाऊ म्हणाले. "एक गठ्ठा उरलाय इथं. मला वाटलं तुमचं दुसरं पुस्तक हाय. लय बारीक निघालं, म्हटलं बाकीची पानं यायची असतील, म्हणून फोन नाय केला."

दुपारपर्यंत गठ्ठा घरी आला. तेजश्रीने वरचाच एक संच उचलला. "चल, आत्ताच सरांना वाचायला देऊ."

"आत्ता कशाला?" विहंग म्हणाला. "सर झोपले असतील. उद्या देऊ. किंवा पुढच्या आठवड्यात."

पण ती तोवर जिन्यात होती.

सरांनी चष्मा लावला आणि आठही पानं संथपणे वाचली. एका ठिकाणी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "फार छान," ते म्हणाले. "त्या दुष्ट माणसाची आई आजारी असते आणि हा तिला धुक्यातून दवाखान्यात नेतो. पोरी, माझं चुकलं. पुढच्या अंकात मी दुरुस्ती लिहितो."

तेजश्रीचा चेहरा उजळला. विहंगने जिन्याच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

"पण विहंग," सर म्हणाले, "ही चित्रं तूच काढलीस ना?"

"हो, सर."

"या पानावर सहा चौकटी आहेत आणि सहाही चौकटींत नुसतं धुकं. माणसं आतून बोलतात. एक हात दिसतो, त्याला बोटं चार."

विहंगने खाली पाहिलं. धरणाच्या चित्रात त्याचे तीन आठवडे गेले होते आणि ही आठ पानं त्याने दोन दिवसांत उरकली होती. धुकं काढायला सोपं असतं.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापून आली. कथा समंजस आणि भरीव, असं सरांनी लिहिलं होतं. मात्र त्या आठ पानांतली चित्रं विलक्षण घाईत उरकली आहेत. राहिलेली पानं मोफत घेऊन जावीत, अशी सूचनाही खाली होती. ती वाचून तिघं आली. त्यातल्या एका बाईंनी जिन्यातच पानं वाचली. "अगंबाई, असं होतं होय!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, चहातच काहीतरी होतं."

त्या दुपारी विहंगने कोरा कागद टेबलावर लावला. पहिली चौकट आखली, पेन्सिल उचलली आणि तसाच बसून राहिला.

"तेजू," त्याने हाक मारली. "त्या दुष्ट माणसाच्या आईला पाठीवर घेऊन निघताना धुकेवीरच्या मनात काय असतं?"

वर्षभरात हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तेजश्री खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"मला पण नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "थांब, बघू या."

संध्याकाळपर्यंत दोघांचं मिळून अर्धं पान झालं. पण म्हातारीचा पदर धुक्यात ओला झालेला स्पष्ट दिसत होता, आणि धुकेवीरच्या हाताला पाच बोटं होती.