भैरूची बोरं

शिक्षक जो धडा टॅबमध्ये भरी, तो त्याच्या डोक्यातून निघून जाई. हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि कुणी हरकत घेतली नव्हती. "एक वस्तू दोन ठिकाणी कशी राहील?" असं केंद्रप्रमुख कारंडे साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, एवढं शिक्षकांना कळतं.

ढोणे गुरुजींनी भूगोल भरला. तेव्हापासून त्यांना घरी न्यायला बायको येई. भला माणूस, कधी कुरकुर नाही.

मुळीकबाईंनी पाढे भरले, बेरीज भरली. वजाबाकीपाशी मात्र त्यांचं बोट अडलं. त्यांचा भैरू दुसरीत असताना तापानं गेला होता. घरात त्याचं नाव काढलं की नवरा, दत्तोबा, उठून बाहेर जाई. म्हणून बाई ते वर्गात काढत. भैरूकडे पाच बोरं होती, तीन त्यानं खाल्ली, किती उरली? पोरांना वाटे, भैरू गणितातलाच कुणी. बाईंना तेवढंच पुरे होतं.

"साहेब, वजाबाकी राहू द्या माझ्याकडे."

"बाई, अख्ख्या केंद्रात तुमचीच राहिलीय. वर काय तोंड दाखवू मी?"

"माझं पोर आहे हो त्यात."

"मग दुसरं नाव घ्या. गंपू घ्या. टॅबला काय त्याचं?"

हे बाईंना पटलं. घरून घोकतच आल्या, गंपू, गंपू, गंपू. टॅबसमोर बसून लाल बटण दाबलं. पण इतक्या वर्षांच्या सवयीची जीभ ती! "भैरूकडे पाच बोरं होती," म्हणून गेल्या, आणि "अगं बाई!" करत पुसायचं बटण शोधू लागल्या. ते प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी दाखवणार होते, आणि दुसरा दिवस झालाच नव्हता. शोधता शोधता बाई थांबल्या. आपण कशासाठी शोधतोय, तेच त्यांना आठवेना.

आता वजाबाकी टॅब शिकवतो, बाईंच्याच आवाजात. बाई खुर्चीत बसून पोरांना गप्प करतात. त्या तासाला दत्तोबा रोज येतो आणि खिडकीखालच्या पायरीवर बसतो. भैरूनं बोरं खाल्ली की टोपीनं डोळे पुसतो.

बाईंना पोरांसमोर लाज वाटते.

"अहो, रोज काय येऊन बसता? या वयात वजाबाकी शिकायचीय का तुम्हाला?"

"कच्ची राहिलीय गं माझी," दत्तोबा म्हणतो. "बसू दे."