रेडिएटरवर घरगुती उपाय

रेडिएटर बदलणं म्हणजे भिंतीवरच्या फोटोची चौकट बदलण्यासारखं आहे, असं नानांनी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. चौकट नानांनी एकदा बदलली होती. तेव्हापासून त्या फोटोतल्या सासऱ्यांना एकच कान उरला होता. पण सासरे त्याच टेबलावर चहा पीत बसले होते, म्हणून कुणी काही बोललं नाही.

नाना विमा कंपनीत सर्वेयर. लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांभोवती फिरायचं, वाकून बघायचं आणि नुकसान कशामुळे झालं ते लिहायचं, हे त्यांचं काम. जन्मभर वाढप्याचं काम केलेल्या माणसाला हळूहळू आपण आचारीच आहोत असं वाटायला लागतं, तसं नानांचं झालं होतं. आणि या आचाऱ्याच्या वाट्याला आली होती एक जुनी स्पोर्ट्स कार. बुटकी, लांब नाकाची, एके काळी लाल. तिच्यात बसताना बाथटबमध्ये उतरल्यासारखं वाटायचं आणि बाहेर पडताना विहिरीतून वर आल्यासारखं. घरात माणसं चार, गाडीत जागा दोघांना. नानांची बायको तिला 'पाहुणी' म्हणायची, कारण महिनाभर ठेवून दुरुस्त करून विकू म्हणून आणलेली ही गाडी गॅरेज बळकावून बसली होती. (सासरेही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर म्हणूनच आले होते, पण तो विषय या घरात कुणी काढत नसे.)

गॅरेज बायकोला हवं होतं. तिचा शिवणवर्ग दिवाणखान्यात भरायचा. त्यामुळे सोफ्यावर बसणाऱ्याला टाचणी टोचायची आणि भाजीत अधूनमधून दोरा निघायचा. पाहुणीखाली हिरवट पाण्याचं डबकं साचायला लागलं आणि बायकोने संधी साधली.

"रविवारी ताईकडे जेवायला जायचंय," ती म्हणाली. "टेकडी चढून पाहुणी न थांबता ताईच्या फाटकापर्यंत पोचली, तर गॅरेज तिचं. नाही तर सोमवारी माझी मशिनं आत."

"मान्य," नाना म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांचा चहा गार झाला.

नवा रेडिएटर आला. जुना काढताना नानांनी आधी पुढची जाळी काढली, मग जाळी काढायची गरज नव्हती हे कळल्यावर ती परत बसवली, मग गरज होती हे कळल्यावर परत काढली. होज पाइप इंजिनाला असा चिकटला होता की जणू दोघांचं लग्न लागलंय. शेवटी तो सुटला आणि आतलं सगळं पाणी नानांच्या बाहीतून आत शिरून पायमोज्यातून बाहेर आलं. तरीही दुपारपर्यंत नवा रेडिएटर जागेवर बसला. काम संपल्यावर जमिनीवर एकही नट उरला नव्हता, आणि नानांना भय वाटलं ते त्याचंच. इतकं नीट काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

त्यांनी गाडीखाली पुठ्ठा सरकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी पाहिलं, तर पुठ्ठा भिजलेला. बाजूला डबकं, तसंच फिक्कट हिरवं.

तिथून नानांना चैन म्हणून पडेना. त्यांनी पाइपाच्या क्लिपा आवळल्या. डबकं आलं. क्लिपा बदलल्या. डबकं आलं. जेवताना ते आमटीचा चमचा तोंडाशी नेऊन थांबायचे, कान टवकारायचे आणि ताटावरून उठून गॅरेजमध्ये जायचे. परत येऊन बसायचे आणि बसल्या बसल्या पाय हलवायचे. पायामुळे टेबल हलायचं आणि टेबलामुळे सासऱ्यांची कवळी. कामावर एका गृहस्थाच्या गाडीच्या चेपलेल्या दरवाजाची पाहणी करताना नाना त्या गाडीखाली आडवे झाले आणि गळती नसल्याचं पाहून त्या अनोळखी माणसाकडे अशा मत्सराने बघू लागले, की तो बिचारा दावाच मागे घेतो म्हणाला.

शेवटी त्यांनी कुणाला न सांगता गळती बंद करणाऱ्या रुपेरी द्रवाची बाटली आणली आणि रेडिएटरमध्ये ओतली. एका गाडीला एकच बाटली, असं तिच्यावर ठळक छापलं होतं. नानांनी एकच ओतली. नियम म्हणजे नियम.

रविवारी सासरे आणि मुलगी बसने पुढे गेले. नानांनी शेजारचं दार अदबीने उघडून धरलं, बायको आत उतरली आणि पाहुणी निघाली. सपाट रस्त्यावर ती अशी पळाली की नानांनी शीळ घातली. टेकडीच्या पहिल्या वळणावर टेंपरेचरचा काटा जागचा हलला. दुसऱ्या वळणावर तो मधोमध आला. शीळ थांबली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"कुठे काय? छान चाललीये."

इंजिन तापलं की हीटर लावला तर थोडी उष्णता गाडीत येते आणि इंजिनाला जरा आराम मिळतो, हे नानांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी भर उन्हात हीटर पूर्ण सोडला. काट्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बायकोने पदराने वारा घेतला, मग खिडकी उघडली, मग डोकं बाहेर काढलं. पण थांबा म्हणाली नाही. उलट ती पुढे वाकून बसली, जणू तिच्या वाकण्याने गाडीला चढ सोपा जाणार होता. नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष नाकात आलं होतं.

"ऑम्लेटचा वास येतोय का?"

"ताईने केलं असेल," बायको बाहेर बघत म्हणाली.

फाटक दिसलं. फाटकात ताई दिसली, तिच्या बाजूला सासरे आणि मुलगी हात हलवताना दिसले, आणि मग काहीच दिसेनासं झालं, कारण बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. पाहुणीने एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि तिथेच बसकण मारली. फाटक समोर होतं. तिथून नुसतं ओरडलं असतं तरी ताईने वाढायला घेतलं असतं, इतकं जवळ.

इंजिन गार झाल्यावर नानांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. आत पाणी दिसेना. पिवळट पांढरे गोळे होते, त्यांवर काळे ठिपके होते आणि सगळ्यावर रुपेरी झाक होती. नुकसानीचं कारण शोधण्यात आयुष्य घालवलेले नाना त्या पदार्थाकडे बघतच राहिले.

सासरे खाकरले. शाळेच्या सहलीला बस गळायला लागली तेव्हा ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये मिरपूड टाकली होती आणि गळती थांबली होती, असं ते सांगू लागले. मग ते बस सोडून सहलीकडे वळले, तेव्हा मुलीने त्यांना थांबवलं.

"आजोबा, तुम्ही किती टाकलीत?"

"बरणीत होती तेवढी. जावईबापूंचे हाल बघवेनात."

मुलीने मान खाली घालून सांगितलं की तिने दुकानातून एक रुपेरी बाटली आणून ओतली होती. नानांनी डोळे मिटले. म्हणजे बाटल्या दोन झाल्या, तेही त्यांनी तिथेच कबूल केलं. पण अंड्यांबद्दल कुणीच काही बोलेना. ताई म्हणाली, जेवण गार होतंय. त्यावर सगळ्यांचं पटकन एकमत झालं.

पाहुणी मेकॅनिकच्या टेंपोमागे दोरीला बांधून गेली. घरी आल्या आल्या मुलीने सगळ्यांचे घामेजलेले, तेलकट कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकले. नाना थेट रिकाम्या गॅरेजमध्ये जाऊन उभे राहिले. मागोमाग बायको मापाची टेप घेऊन आली. भिंतीशी मशिनं, मधे कापडं बेतायचं टेबल, असं ती मोजू लागली. शब्द दिला होता. नानांनी टेपचं दुसरं टोक धरलं.

टेप भिजली.

दोघांनी खाली पाहिलं. गॅरेजच्या मधोमध, जिथे गाडी नव्हती तिथे, डबकं पसरत होतं. भिंतीपलीकडे वॉशिंग मशीन घरघरत होतं. त्याच्या सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यातून पाण्याची एक बारीक धार निघून भिंतीखालून इकडे येत होती आणि जुन्या रेडिएटरने जमिनीवर सोडलेले वाळके डाग विरघळवून झकास हिरवी होत होती. तो पाइप नानांनी स्वतःच्या हाताने जोडला होता.

"म्हणजे नवा रेडिएटर गळतच नव्हता," नाना हळूच म्हणाले.

"नाही."

"काही घातलं नसतं तर गाडी चढली असती."

बायकोने टेप गुंडाळली. गुंडाळलेली उलगडली आणि परत गुंडाळली.

"अंडी मी फोडली," ती म्हणाली. "गरम पाण्यात शिजून भोक बुजवतात म्हणे."

नाना डबक्यातच वळले. "अगं, पण तुला तर गॅरेज हवं होतं."

"हवंच होतं. अजून हवंय. पण रोज ताटावरून उठून तुम्ही इथे येऊन वाकायचात. घरात एक माणूस असा फिरत असला की माझी टीप सरळ येत नाही. म्हटलं, जाऊ दे, चढू दे मेलीला."

आयुष्यात कुणी नानांसाठी इतकं मोठं नुकसान केलं नव्हतं.

बायकोने निकाल दिला. गॅरेज दोघांचं. पाहुणी डाव्या भिंतीला, मशिनं उजव्या. लांब नाकाचं ते बॉनेट कापड पसरायला बरं पडेल. मात्र यापुढे गाडीला हात लावेल तो मेकॅनिक आणि पाइपाला लावेल तो प्लंबर.

"मग रविवारी मी काय करू?" नानांनी विचारलं.

तेव्हापासून दर रविवारी नाना पाहुणीच्या सीटवर बसून वर्गाच्या शर्टांना बटणं लावतात. पहिलं बटण त्यांनी फार मन लावून लावलं. बायकोने शर्ट उलटसुलट करून पाहिला. पुढची बाजू मागच्या बाजूला पक्की शिवली गेली होती, शर्टात शिरायला कुठून वाट म्हणून नव्हती.

नाना गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून अभिमानाने म्हणाले, "पण एक सांग, कुठे गळतंय का?"