लांडग्याची सशुल्क सूचना

फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला किंमत नसते. म्हणून तिला किंमत लावून समाजाला शहाणं करणं हे मोठ्या कंपन्यांचं कर्तव्यच ठरतं. ब्रॅम्बलगेट कंपनीने ते सहा वर्षं लांबणीवर टाकलं, हा तिचा मोठेपणा.

कॅनडातल्या सॅस्काटूनचा लायल हनचुक शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. त्याची धाकटी बहीण डोरीन हिला ऐकू येत नाही. ब्रॅम्बलगेटच्या व्हिडिओ गेममध्ये लांडगा मागून येतो आणि आधी फक्त गुरगुरतो. त्यामुळे दर रविवारी पेरोगी (बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या) खाऊन खेळायला बसलं की डोरीन मरायची. लायलने दोन हिवाळे खपून एक मॉड बनवला, म्हणजे खेळात आपल्या पदरची भर: लांडगा आला की पडद्यावर बाण आणि 'मागे बघ' अशी अक्षरं. आठवड्यात दोघं मिळून खळखळून हसायची ती तेवढ्याच तासात. मग तो मॉड त्याने सगळ्यांनाच देऊन टाकला. (वापरणारे: एक लाख चाळीस हजार. आभार मानणारे: सतरा, पैकी दोघे चुकून.)

मार्चमध्ये कंपनीने 'समुदाय सन्मान योजना' जाहीर केली. त्यानुसार लायलचा मॉड पाच डॉलरला विक्रीस आला. फुकटची प्रत काढून टाकण्यात आली, कारण विकत घेणाऱ्यांवर अन्याय होता कामा नये. निर्मात्याचा वाटा पंचवीस टक्के, तोही खेळातल्या नाण्यांत (त्यांतून खेळातली लोकरी टोपी घेता येते).

त्या रविवारी लांडग्याने डोरीनला पहिल्याच मिनिटात खाल्लं.

"काय रे, बाण रुसला की तू?" तिने हातांच्या खुणांनी विचारलं.

लायलने मदत कक्षाला लिहिलं. उत्तर तत्काळ आलं, कारण ते तयारच होतं.

"सदर मॉड दुकानात उपलब्ध आहे, सर."

"अहो, तो मीच बनवलाय!"

"अभिनंदन! मग तुम्हाला तो आवडेलच."

त्याने स्वतःकडची जुनी प्रत डोरीनला दिली, तेव्हा चोरीचा माल वापरल्याबद्दल तिचं खातं सात दिवस बंद झालं. शेवटी त्याने निमूटपणे दोन प्रती विकत घेतल्या. पावतीवर 'हौशी निर्मात्यांना हातभार लावल्याबद्दल आभार' असं छापलेलं होतं. (हे अठरावे.)

एप्रिलमध्ये कंपनीने खेळात सुधारणा केली आणि बाण उलटी दिशा दाखवू लागला. ग्राहक लायलवरच तुटून पडले. "पैसे मोजलेत आम्ही, फुकट नाही घेतला!" असं त्यांतल्या एकाने खडसावलं. डोरीन पुन्हा मरू लागली होती, म्हणून लायलने बाण सरळ केला. कंपनीने तो 'दुसरी आवृत्ती' म्हणून विकला.

आता मात्र खेळाडूंच्या संतापाचा कडेलोट झाला. बासष्ट हजारांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. लायलच्या घामावर कंपनी आपली पोळी भाजून घेते आहे, असं त्यात सात परिच्छेद कळवळून लिहिलं होतं. आठव्यात मागणी होती: किंमत तीन डॉलर करावी.

कंपनी नमली. किंमत उतरली, आलेली तूट निर्मात्याचा वाटा रद्द करून भरून काढण्यात आली. विजयाचे संदेश दिवसभर फिरत राहिले.

"आपण जिंकलो म्हणे," डोरीनने खुणावलं. "मग तुझं तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

वाचकांनाही लायलबद्दल मनापासून वाईट वाटलं असेल. त्या बासष्ट हजारांना तर रडू आलं होतं. तीन डॉलरला ते थांबलं.