बोलणं दिसणारी गॅलरी

माझे सुकलाल मामा घर बघायला येतात, पण घरात येत नाहीत.

अहो, खरंच सांगते! दलाल चावी फिरवून दार उघडतो, आपण चपला काढतो, मागे वळून बघतो तर मामा गायब. ते खाली रस्त्यावर उभे असतात. डोक्यावर पांढरी टोपी, हाताचा आडोसा डोळ्यांवर, नजर वर. किचन किती मोठं आहे, बाथरूमला गिझर आहे का, पाणी कितीला येतं, यातलं त्यांना काहीही जाणून घ्यायचं नसतं. "घर कसं शे ते तू दख," ते म्हणतात. "तू दिसस का नही, ते मी दखस."

मग मी गॅलरीत जायचं. कठड्याला टेकून उभं राहायचं आणि आवाज न काढता काहीतरी बोलायचं. नुसते ओठ हलवायचे. खालून मामांना ते वाचता आलं तर घर पास, नाही तर नापास. सुरतेत भाड्याचं घर शोधायची ही रीत मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आता हे वेड कुठून आलं ते सांगते. मामांचं अख्खं आयुष्य सुरतेतल्या लिंबायत या कामगारवस्तीत, लूमच्या खात्यांत, म्हणजे मागांच्या कारखान्यांत गेलं. धुळ्याकडून पोरवयात आले ते इथलेच झाले. खात्यात शंभर माग एकदम चालू असले की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे कुणी बोंबलत नाही. ओठ जरा ठळक हलवायचे, गरज पडली तर बोटं. तेवढ्यात चहा मागवला जातो, भांडण होतं, मिटतंही. त्या खटखटीने मामांचे कान केव्हाच गेले, पण ते कबूल करतील तर शपथ. "माले बरोबर ऐकू येस," ते छाती पुढे काढून सांगतात. "लोकंच हळू बोलतस."

मामांची खोली पहिल्या मजल्यावर. समोर लूमचं खातं, खाली लूमचं खातं. त्यामुळे इंदूमामींनाही ही भाषा यायची. मामा कामावर निघाले की मामी गॅलरीत यायच्या आणि वरून मुक्यानेच सांगायच्या, येताना मेथी आणा, मीठ संपलंय, उधार आणू नका. गंमत अशी की गल्लीतला प्रत्येक माणूस लूमवरचा. सगळ्यांनाच ओठ वाचता येणार! सुकलालच्या घरी आज कुठली भाजी आहे हे मामांच्या आधी पानवाल्याला कळायचं. एकदा मामी गॅलरीतून मुक्यानेच कडाडल्या, तर सबंध गल्ली पोट धरून हसली आणि मामा टोपी सावरत पळाले. मामी जाऊन आता काही वर्षं झाली. मामांचा मुलगा वापीला असतो, सणावाराला येतो.

तर मला सुरतेत नोकरी लागली. साड्यांचे प्रिंट कॉम्प्युटरवर काढायचे, रिंग रोडला ऑफिस. आईचा जीव वर-खाली. लग्नाचं एक स्थळ तिच्या पदराशी बांधलेलंच होतं. शेवटी तिने अट घातली. महिनाभर मामाकडे राहा, तेवढ्यात मामाला पसंत पडेल असं घर बघ. एक तारखेपर्यंत नाही सापडलं तर राजीनामा दे आणि मुकाट्याने धुळ्याला ये.

"मामांकडेच राहिले तर?" मी म्हटलं.

"लाज वाटते का काही? एक खोली त्याची. तू आत झोपणार आणि तो म्हातारा गॅलरीत!"

ते मात्र खरं होतं. मी आल्या दिवसापासून मामांनी आपली वळकटी गॅलरीत नेली होती. वर आणखी म्हणायचे, "आठे हवा मस्त शे." हवा कसली! समोरच्या खात्यातला कापसाचा भुसा उडून सकाळी त्यांच्या मिशीवर बसलेला असायचा. मला बघवत नसे. म्हणजे घर शोधणं भागच होतं, माझ्या नोकरीसाठी आणि त्यांच्या पाठीसाठी.

मला हवं होतं वेसूला. ऑफिसातल्या सगळ्या मुली तिकडे राहतात. रुंद रस्ते, कॉफीची दुकानं, बिल्डिंगला जिम. दोघींबरोबर शेअरिंगमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळत होता. मी मनाने तिथे पडदेसुद्धा लावून मोकळी झाले होते. मामा खाली मान मोडेपर्यंत वर बघत राहिले. मी ओठ हलवले. त्यांनी हात हलवला, पुन्हा बोल. मी पुन्हा बोलले. तोवर वॉचमन धावत आला, त्याला वाटलं हा म्हातारा मुलींना खुणा करतोय. मी लिफ्टने खाली पोचेपर्यंत दलाल त्याला समजावत होता, "अरे भाई, मामा छे, मामा!"

"मुंगी दिसनी," मामांनी निकाल दिला. "मुंगीनं तोंड कोन वाचस?"

"काका, पण लिफ्ट छे ने!" दलाल काकुळतीला आला.

"लिफ्ट बोलस का?"

झालं. वेसू खलास. मी परतीच्या रिक्षात एक शब्द बोलले नाही. मामांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण त्यांच्यासाठी ओठ बंद म्हणजे माणूस गप्प, आणि गप्प माणूस म्हणजे सुखी माणूस. उतरल्यावर त्यांनी मेथीची जुडी घेतली.

मेथीचं सांगायचं राहिलं. मी आल्यापासून मामा रोज मेथी आणत होते. मेथीची भाजी, मेथीचा झुणका, मेथीची भाकरी. चौथ्या दिवशी मी हात जोडले. तर म्हणाले, "आनू दे ना माय. एकट्याले जुडी उरस. मंग तीन दिवस मीच मेथी व्हई जास." म्हणून एकटे असताना ते भाजी आणतच नसत. खिचडी टाकायचे आणि उभ्याउभ्या खायचे. हे मला पानवाल्याने सांगितलं.

पुढचं घर अडाजणचं. सोसायटी टापटीप, घरमालकीण त्याहून टापटीप. खालच्या मजल्यावर ते, वर आम्हाला द्यायचा भाग. या वेळी मामांना आत यावंच लागलं, कारण मालकिणीने सोफ्यावर बसवून मुलाखत मांडली. मांसमच्छी खाता का, मित्र येतील का, रात्री किती वाजता येणार. मी गोड आवाजात उत्तरं देत होते. मामा पंख्याकडे बघत बसले होते. मग बाई पाणी आणायला म्हणून हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या आणि नवऱ्याच्या कानाशी लागल्या. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पण मामा सोफ्यावरून खणखणीत आवाजात म्हणाले, "हा बेन, लिंबायतना ज छीए. ना पाडवी होय तो अमने ज कही दो."

बाईंनी पेला तिथेच खाली ठेवला. लिंबायतची माणसं नकोत, नाही म्हणून टाका, असं त्या नवऱ्याला सांगत होत्या, आणि मामांनी ते ओठांवरून वाचून सुनावलं होतं, हो, तिथलेच आहोत, नाही म्हणायचं तर आम्हालाच सांगा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी पर्स उचलली. मामांनी मला खाली बसवलं. मग बाईंना एवढं ओशाळल्यासारखं झालं की त्यांनी चहा केला, चहाबरोबर नानखटाई आली आणि शेवटी घर द्यायलाही तयार झाल्या! मामांनी दोन कप चहा घेतला, मागे जाऊन गॅलरी पाहिली. गॅलरीसमोर दुसऱ्या बंगल्याची आंधळी भिंत.

"नही," ते म्हणाले. "आठे कोनाशी बोलशी? भितडाशी?"

"मामा, त्या बाई आपल्याला काय बोलल्या ते सोडून तुम्ही गॅलरीचं काय घेऊन बसलात?"

"बाई काय, सहा महिन्यात सुधरी जाई. गॅलरी कशी सुधरी?"

असा महिना संपत आला. भटार भागातल्या घराला झाड आडवं आलं, पाल भागातल्या घराची गॅलरीच काचेने बंद केलेली. दलालाने माझा फोन उचलणं बंद केलं. आईला मी व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं निदान भावाला तू समजाव. पण आई फोन असा धरते की समोर फक्त तिचं कपाळ आणि पंखा. मामा बराच वेळ त्या कपाळाकडे बघत "हा हा, जेवनं, जेवनं" करत राहिले. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुनी माय नुसतं कपाळ दखाडस. कपाळ काय बोलस?" मला हसावं की रडावं कळेना. राजीनाम्याचा मेल मी खरंच लिहून ठेवला होता. मनात ठरलंच होतं, आता परतीची पॅसेंजर. येताना चलथाणच्या साखर कारखान्याचा गोड वास आला तेव्हा मी खिडकीतून डोकं काढून हसले होते. आता तोच वास जाताना येणार होता.

आणि मग पर्वत पाटिया भागातलं घर आलं. ते मला अजिबात नको होतं. चौकाजवळ, खाली कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो, दिवसभर रिक्षांचे भोंगे. दुसरा मजला, एक खोली, ओटा, आणि रस्त्यावर झुकलेली चांगली लांबलचक गॅलरी. घरमालक साधा माणूस, त्याने फक्त एवढंच विचारलं की नळ नीट बंद करशील ना. मामा रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मधून टेम्पो, बस, म्हशी, सगळं चाललेलं. त्यांनी हात केला, बोल.

मी वैतागले होते. महिनाभर गॅलरी-गॅलरीत मुकं माकड होऊन उभी राहिले होते. मनात आलं ते ओठांवर आणलं, मामा, तुम्ही पार वेडे आहात.

मामांनी पलीकडून ओठ हलवले. आणि काय सांगू, मला ते लख्ख कळलं. इतक्या परीक्षा देता देता मलाही वाचता यायला लागलं होतं, हे मला त्याच क्षणी समजलं.

"वेडा ते शेच. घर पक्कं."

त्या संध्याकाळी मी आईला फोन नीट धरायला लावला, तोंड पूर्ण दिसेल असा. मामांनी तिचे ओठ वाचले, तिच्या सगळ्या शंकांची उत्तरं दिली, शेवटी म्हणाले, "पोर चांगली दिसस. तू घोर नको लावू." आईने स्थळवाल्यांना थांबायला सांगितलं. मी राजीनाम्याचा मेल पुसून टाकला आणि खोलीतल्या खोलीत उड्या मारल्या. मामांनी मुगाची जिलेबी आणली नाही की पेढे आणले नाहीत, मेथी आणली.

नव्या घरी हलायच्या दिवशी सकाळी मी धुतलेली चादर गॅलरीच्या तारेवर टाकत होते. बिघडलेल्या मागाला अजून मामांचाच हात लागतो, म्हणून ते खात्याकडे निघाले होते. सामान संध्याकाळी टेम्पोत भरायचं ठरलं होतं. मी चादरीच्या मागे खाली बसून चिमटे वेचत होते. चादर आणि कठडा यांच्या फटीतून गल्ली दिसत होती.

मामा पानवाल्याच्या समोर थांबले. वळले. वर बघितलं. गॅलरीत त्यांच्या दृष्टीने कुणीच नव्हतं, नुसती ओली चादर. आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

मला वाटलं स्वतःशीच काही पुटपुटताहेत. पण नाही, ते ठळक, सावकाश, खात्यात बोलतात तसं बोलत होते. पानवाला मान खाली घालून कात लावत होता. गल्लीतली दोन माणसं जाता जाता नजर दुसरीकडे वळवून गेली. त्यांना सवय होती. गल्लीतल्या सगळ्यांना हे माहीत होतं, नव्हतं ते फक्त मला.

"पोरले घर भेटनं," मामा गॅलरीला सांगत होते. "चांगलं शे. मी रोडवरथून दखं. गॅलरीमा उभी ऱ्हायनी का तोंड साफ दिसस. तू काळजी नको करू."

मग त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"आज जाई ऱ्हायनी ती. आते परत आपण दोन्हीच."

महिनाभर मी या माणसावर चिडले होते. मला वाटत होतं त्यांना खोड आहे. आणि ते मला अशी जागा शोधत होते जिथून आपलं माणूस आपल्याशी बोलू शकेल, कारण तसं बोलणारं आपलं माणूस गेलं की काय होतं ते त्यांना रोज सकाळी कळत होतं. मला धावत खाली जावंसं वाटलं, त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण तसं केलं असतं तर ते शरमेने मेले असते, तेही भर गल्लीत.

मी चादर बाजूला केली आणि उभी राहिले.

मामा चपापले. चोरी पकडल्यासारखे इकडे तिकडे बघू लागले. पानवाल्याचा हात थांबला. मी कठड्याला टेकले, आवाज न काढता, अगदी सावकाश ओठ हलवले.

येताना मेथी आणा. टेम्पो उद्या बोलावते.

समोरच्या खात्याचे माग नेहमीसारखे खटखटत होते. पानवाल्यानेही वाचलं असणार, कारण तो उगाचच पाठ फिरवून डबे पुसायला लागला. मामांच्या मिशीवर कापसाचा भुसा तसाच चिकटलेला होता. त्यांनी हाताच्या पाठीने डोळे पुसले, आणि मग त्यांचे ओठ हलले.

"एक जुडी, का दोन?"

मी दोन बोटं वर केली.