पहिल्या रांगेस हात लावू नये

मानवजातीचा इतिहास हा मुख्यतः रांगेचा इतिहास आहे. पुढे कोण आणि मागे कोण, एवढेच काय ते ठरायचे बाकी असते.

दिग्रसच्या नीळकंठरावांना हे सत्य मोजणी खात्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत उमगले आणि निवृत्तीनंतर त्यांनी ते घरच्या कुलरला लागू केले. कुलरसमोर तीन खुर्च्या होत्या. पहिलीवर वारा येई, दुसरीवर आवाज, आणि तिसरीवर वारा सुटल्याची बातमी. पहिली नीळकंठरावांची. तिसरी, स्वयंपाकघराच्या दाराशी, त्यांच्या पत्नी शीलाताईंची. (कुलरच्या टाकीत पाणी ओतायला तीच सोयीची, हे नीळकंठरावांनी अंतर मोजून सिद्ध केले होते.)

यंदा मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला आणि लेक अनघा पुण्याहून सुटीवर आली. तिच्या बॅगेत एक खेळ होता. टेबलावर मांडून लढवायचे बोटभर सैनिक. एकीकडे दाढीवाले बुटके, दुसरीकडे हाडांचे सापळे. शीलाताई म्हणाल्या, "जो जिंकीन, तो महिनाभर पह्यल्या खुर्चीवर बसीन." नीळकंठरावांनी तात्काळ मंजुरी दिली. आयुष्यात एकही मोजणी न हरलेल्या माणसाला (मोजणीत हरणे नसतेच, ही बाब अलाहिदा) सापळ्यांची काय भीती.

फक्त नियम इंग्रजीत होते. दोन दुपारी खर्चून त्यांनी ते मराठीत आणले आणि शिक्का नसल्यामुळे खाली दोनदा सही केली. ठळक तरतुदी अशा:

१. तुकडीत वीस शिपाई असावेत. रांगा किती, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

२. शत्रू सहा इंचांच्या आत आल्यास चढाई करता येईल. (अंतर दोनदा मोजावे. वाद झाल्यास तिसऱ्यांदा. लगतच्या तुकडीस पूर्वसूचना द्यावी.)

३. फाशावर चार वा अधिक पडल्यास घाव लागला असे समजण्यात येईल.

४. घाव पहिली रांग खाईल. मयत मात्र शेवटच्या रांगेतून उचलण्यात येतील.

५. ज्याचे मयत अधिक, त्याने धीर-चाचणीचा फासा टाकावा. तीनच्या खाली पडल्यास तुकडी पळाली असे समजावे.

चौथ्या नियमाने नीळकंठराव भारावून गेले. अनघाने सांगून पाहिले, "बाबा, पुढचा पडला की मागचा त्याच्या जागी येते, म्हनून मागून उचलाचा." हे स्पष्टीकरण त्यांना अनावश्यक वाटले. इतका वास्तवाला धरून असलेला नियम खात्यातही नव्हता. खूश होऊन त्यांनी पदरचा ४(अ) जोडला: पहिल्या रांगेस कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.

शीलाताईंनी तेवढा भाग दोनदा वाचला. "म्हंजे नाव पुढच्याचं न् मराचं मागच्यानं," एवढे म्हणून त्यांनी सापळे घेतले. "यायले जेवाले तरी घाला लागत नाही."

रविवारी दुपारी नीळकंठरावांनी बुटके पाचपाचच्या चार रांगांत, काटकोन तपासून उभे केले. शीलाताईंनी वीसच्या वीस सापळे एकाच रांगेत मांडले. रांग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"अवं, मागं कोनीच नाही ठेवलं काहून?"

"लग्नाची एकतीस वर्सं पाह्यलं मी मागं राहून."

पहिल्याच चढाईत सापळ्यांना पाच घाव लागले. नीळकंठराव उचलायला सरसावले.

"हात नका लावू. चार अ."

पहिली रांग हीच शेवटची रांग होते, असे त्यांनी तोंडी अपील केले. अनघाने "कोणत्याही परिस्थितीत" हे शब्द आणि खालच्या दोन्ही सह्या दाखवून ते फेटाळले. तासाभरात बुटक्यांच्या मागच्या तीन रांगा डब्यात गेल्या. पुढच्या पाचांना कोणी हात लावला नाही. धीर-चाचणीच्या फाशावर एक पडला आणि ते स्वतःहून पळाले. (पळायला नियमात बंदी नव्हती. पहिल्या रांगेला ती सवलत बहुधा असतेच.)

शीलाताई पहिल्या खुर्चीवर बसल्या. कपाळावरचे केस उडाले, तसे त्यांनी डोळे मिटून घेतले. ते पाहून नीळकंठरावांना हरल्याचे वाईट वाटायचे राहूनच गेले. लाज तेवढी वाटली, आणि ती कुठे नोंदवायची याची तरतूद नव्हती.

साडेतीनला वारा गरम झाला. टाकी संपली होती. तिसऱ्या खुर्चीवरून नीळकंठरावांनी सवयीने मागे पाहिले. मागे रिकामे स्वयंपाकघर होते. मग ते उठले. टाकीत नऊ बादल्या पाणी मावते, ही मोजणी त्यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी केली नव्हती.

आपण हे गार वाऱ्यात बसून वाचत असाल, तर अभिनंदन. आपण पहिल्या रांगेत आहात आणि ४(अ) आपल्यालाही लागू आहे. फक्त आपल्या टाकीत किती बादल्या मावतात, तेवढे घरात कोणाला न विचारता सांगून पाहावे.